ड्रमवरची चौकट आणि बाटलीवरचा त्रिकोण

मराठवाड्यात कारखान्यातला कामगार आणि शेतातला शेतकरी ही पुष्कळदा एकच व्यक्ती असते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आठवडाभर पाळी करणारा माणूस सुटीच्या दिवशी गावी जातो आणि पाठीवर पंप घेऊन कपाशीवर फवारणी करतो. रसायनाच्या डब्यावरची धोक्याची खूण त्यामुळे त्याला कारखान्यात पहिल्यांदा भेटत नाही. कीटकनाशकाच्या बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण त्याने लहानपणापासून पाहिलेला असतो, आणि लाल म्हणजे सर्वांत जहाल व हिरवा म्हणजे सर्वांत सौम्य, एवढे घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. कारखान्यातल्या ड्रमवरची खूण या त्रिकोणाची सख्खी बहीण वाटते खरी, पण तिचे व्याकरण निराळे आहे, आणि एकीच्या व्याकरणाने दुसरी वाचली की घोटाळा होतो.

आधी ओळखीच्या त्रिकोणाकडे नीट पाहू. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ठरवून दिल्याप्रमाणे टोकावर उभ्या केलेल्या चौकोनाचे दोन सारखे भाग करतात. वरच्या भागात इशाऱ्याचा शब्द असतो आणि खालच्या भागात रंग. लाल रंगावर कवटी, हाडे आणि ‘पॉयझन’ हा शब्द असतो. पिवळ्यावर नुसते ‘पॉयझन’, निळ्यावर ‘डेंजर’ आणि हिरव्यावर ‘कॉशन’. म्हणजे फवारणीच्या बाटलीवर ‘डेंजर’ हा चार पायऱ्यांच्या उतरंडीतला तिसरा, बराच खालचा शब्द आहे. कारखान्यातल्या ड्रमवर इशाऱ्याचे शब्द दोनच असतात, ‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’, आणि त्यांतला ‘डेंजर’ हा सर्वांत वरचा आहे. ज्याची नजर निळ्या त्रिकोणावर घडली आहे, त्याला ड्रमवरचा ‘डेंजर’ मध्यम धोक्याचा वाटला तर त्यात त्याचा काय दोष? शब्द तोच, जागा मात्र एकीकडे तळाजवळची आणि दुसरीकडे शेंड्यावरची.

दुसरा फरक याहून खोल आहे. त्रिकोणाचा रंग एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: हे पोटात गेले किंवा कातडीतून शिरले, तर किती थोड्या मात्रेत जीव जाईल? प्रयोगातल्या प्राण्यांपैकी निम्मे ज्या मात्रेने दगावतात ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. तोंडावाटे दिलेली ही मात्रा १ ते ५० असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्यापुढे हिरवा. मोजमाप स्पष्ट आहे, पण एकांगी आहे. याच फुटपट्टीने सल्फ्युरिक ॲसिड मोजले तर उंदरांवरचा आकडा सुमारे २,१४० येतो, म्हणजे जुनी माणसे ज्याला तेजाब म्हणतात त्याच्या बाटलीवर निळा त्रिकोण बसेल. तेजाबाचा एक थेंब डोळ्यात गेला तर काय होते, हे या मोजमापात कुठेच येत नाही. रोज थोडे थोडे नाकात गेल्यावर वर्षांनंतर काय होईल, ठिणगी पडली तर काय होईल, हेही येत नाही. हिरवा त्रिकोण म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे. एका दमात पोटात गेल्यास मरण्याचा संभव कमी, इतकेच तो सांगतो.

कारखान्यातली खूण हे सगळे प्रश्न वेगवेगळे विचारते, म्हणून तिच्यावर एकाऐवजी तीन-तीन, चार-चार चित्रे दिसतात. ही चित्रे ज्या पद्धतीतून आली तिला ‘ग्लोबली हार्मोनाइज्ड सिस्टिम’ किंवा नुसते ‘जीएचएस’ म्हणतात. एकाच रसायनावर प्रत्येक देशाने आपापले चिन्ह लावण्याचा गोंधळ मिटावा, म्हणून १९९२ च्या रिओ परिषदेत या कामाची निकड मांडली गेली आणि संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. पत्त्यांतल्या चौकटच्या एक्क्यासारखा टोकावर उभा, लाल किनारीचा पांढरा चौकोन आणि आत काळे चित्र, हे तिचे रूप. अशी एकूण नऊ चित्रे आहेत. मोठ्या कंपन्यांच्या आणि आयात केलेल्या मालाच्या ड्रमांवर ती आता सर्रास दिसतात. गल्लीतल्या व्यापाऱ्याने भरून दिलेल्या कॅनवर दिसतीलच याची खात्री नसते.

एक ड्रम जवळून वाचू

रंगकामाच्या शेडमध्ये ठेवलेला थिनरचा ड्रम घ्या. ‘थिनर’ हे रसायनाचे नाव नव्हे, ते त्याच्या कामाचे नाव आहे; आत बहुधा दोन-चार द्रावकांचे मिश्रण असते आणि प्रत्येक उत्पादकाचे मिश्रण वेगळे असू शकते. म्हणून लेबलवर खालच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेली घटकांची नावे आधी पाहावीत. तिथे टोल्युईन आहे असे धरू. त्याच्यासोबत १०८-८८-३ असा एक क्रमांक दिसू शकतो. नावे बदलतात, स्पेलिंग बदलते, पण हा क्रमांक जगभर एकाच पदार्थाचा असतो, अगदी आधार क्रमांकासारखा. डॉक्टरांना फोनवर काही सांगायची वेळ आली तर ‘थिनर’पेक्षा हा क्रमांक कितीतरी उपयोगी पडतो.

नावाखाली ‘डेंजर’ हा शब्द आणि तीन चौकटी: ज्योत, उद्गारचिन्ह, आणि छातीवर तारा फुटल्यासारखी खूण असलेला माणूस. त्यापुढे काही छोटी वाक्ये असतात, त्यांना ‘एच’ने सुरू होणारे क्रमांक असतात. बहुतेक जण चित्रे पाहतात आणि ही वाक्ये सोडून देतात. माझ्या मते उलट करावे. चित्र हे मथळा आहे, बातमी या वाक्यांत आहे. क्रमांकाचा पहिला अंक २ असेल तर आग, स्फोट, दाब यांसारखा भौतिक धोका, ३ असेल तर आरोग्याचा, ४ असेल तर पर्यावरणाचा.

टोल्युईनच्या ड्रमवर एच २२५ असते: अतिशय ज्वलनशील द्रव व वाफ. या वाक्यातला महत्त्वाचा शब्द ‘वाफ’ आहे. द्रव पेटत नाही, त्याच्यावर जमलेली वाफ पेटते, आणि टोल्युईनची वाफ सुमारे ४ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी तयार होते. मराठवाड्यात कडाक्याच्या थंडीच्या पहाटेही शेडमध्ये इतके थंड क्वचितच असते. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून थोडी जड असते, म्हणून ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, गटारीत, खड्ड्यात साचते आणि दूरवर चाललेल्या वेल्डिंगच्या ठिणगीपर्यंत जाऊन पोहोचते. ‘इथे तर वास येत नाही’ असे उभ्या माणसाचे नाक म्हणते तेव्हा त्याच्या घोट्याशी काय आहे, हे नाकाला कळत नाही.

पुढचे वाक्य एच ३०४: गिळल्यास व श्वासमार्गात शिरल्यास प्राणघातक ठरू शकते. थिनर कोण गिळेल, असे वाचणाऱ्याच्या मनात येते. पण ड्रममधून कॅनमध्ये माल काढताना हातपंप सापडला नाही की रबरी नळीचे एक टोक ड्रममध्ये सोडून दुसरे तोंडाने ओढायचे, ही पद्धत आपल्याकडे डिझेलपासून थिनरपर्यंत सर्वत्र चालते. एक घोट तोंडात येतो, ठसका लागतो आणि पातळ द्रव श्वासनळीतून फुप्फुसात पसरतो. पोटात गेलेल्यापेक्षा फुप्फुसात गेलेले थोडेसे द्रावक अधिक घात करते. हे वाक्य नेमके त्या नळीविषयी आहे.

एच ३३६ सांगते की वाफेने गुंगी किंवा चक्कर येऊ शकते. रंगारी ज्याला ‘थिनर चढणे’ म्हणतात तेच हे. एच ३६१ गर्भाला अपाय होण्याचा संशय नोंदवते आणि एच ३७३ दीर्घकाळच्या संपर्काने अवयवांना इजा होऊ शकते असे सांगते. ही शेवटची दोन वाक्ये छातीवर तारा असलेल्या माणसाच्या चित्रामागची आहेत. गुंगी घरी गेल्यावर उतरते, या दोन गोष्टी उतरत नाहीत.

कवटी आणि छातीवरचा तारा

नऊ चित्रांपैकी सर्वांत जास्त धाक कवटीचा आहे, आणि तो रास्त आहे; थोड्या मात्रेत, थोड्या वेळात जीव घेणाऱ्या पदार्थावरच ती असते. पण या धाकामुळे छातीवर तारा असलेला माणूस दुर्लक्षित राहतो. कामगारांना हे चित्र दाखवून अर्थ विचारला की ‘छातीत दुखते’, ‘दम लागतो’ अशी उत्तरे मिळतात. खरे तर कर्करोग, प्रजननाला बाधा, जनुकीय बदल, श्वसनमार्गाची ॲलर्जी, एखाद्या अवयवाची कायमची इजा हे सर्व या एका चित्राच्या पोटात आहे, आणि त्यांतले नेमके कोणते, हे फक्त एच-वाक्य सांगते. चित्रकाराने एवढे सगळे एका चौकटीत कोंबायला नको होते, असे मला नेहमी वाटते.

याचे जवळून पाहण्यासारखे उदाहरण क्रोम प्लेटिंगचे आहे. वाहनांचे सुटे भाग चकचकीत करणाऱ्या प्लेटिंगच्या टाकीत जे गडद लाल खडे विरघळवतात, त्याला बोलीत क्रोमिक ॲसिड म्हणतात. त्याच्या पिंपावर पाच चौकटी असतात: वर्तुळावरची ज्योत, कवटी, हात व धातू खाणारा द्रव, छातीवरचा तारा आणि मेलेला मासा व झाड. टाकीतून बुडबुड्यांबरोबर उठणारे बारीक तुषार नाकात जात राहिले, तर नाकाच्या मधल्या पडद्याला आधी खपली धरते, मग जखम होते आणि काहींच्या बाबतीत त्याला आरपार भोक पडते. हे दुखतच असे नाही, त्यामुळे नाक कोरडे पडते, रक्त येते, एवढीच तक्रार होऊन वर्षे जातात. क्रोमिक ॲसिडमधल्या या सहा-संयुजी क्रोमियमने, म्हणजे क्रोमियमच्या जहाल रूपाने, फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. कवटीकडे पाहून माणूस खडे हाताळताना हातमोजे घालतो आणि टाकीजवळ मात्र उघड्या नाकाने उभा राहतो, कारण टाकीतून येणारे काही ‘चढत’ नाही. (सिमेंटमध्येही या क्रोमियमचा अंश असतो, गवंड्यांचे हात ‘सिमेंट खाते’ त्यामागे सिमेंटच्या दाहकतेबरोबर याची ॲलर्जीही असते.)

त्याच पिंपावरची वर्तुळावरची ज्योत साध्या ज्योतीशी गफलत करायला लावते. साधी ज्योत म्हणजे हा पदार्थ पेटतो. वर्तुळावरची ज्योत म्हणजे हा स्वतः पेटेलच असे नाही, पण दुसऱ्याला पेटायला प्राणवायू पुरवतो. सांडलेल्या द्रवावर लाकडाचा भुसा टाकून झाडून घ्यायची आपली जुनी सवय इथे अंगाशी येते, कारण भुसा किंवा थिनरने भिजलेली चिंधी अशा पदार्थाला मिळाली की बाहेरच्या काडीची गरज उरत नाही. स्टोअरमध्ये या दोन ज्योती शेजारी ठेवायच्या नाहीत, एवढे जरी पाळले तरी अर्धे काम झाले.

बाकीच्या चित्रांवर फार वेळ घालवायला नको. फुटणारा गोळा स्फोटकांचा. सिलिंडर दाबाखालच्या वायूचा, तो बर्फाच्या कारखान्यात अमोनियावर भेटतो. हात आणि धातूवर ओघळणारा द्रव म्हणजे कातडी, डोळे किंवा धातू खाणारा पदार्थ. कॉस्टिक सोडा आणि सर्व तीव्र ॲसिडे यात येतात. उद्गारचिन्ह जळजळ, खाज, गुंगी किंवा सौम्य विषारीपणा सांगते. कवटी असेल तर विषारीपणासाठी ते वेगळे लावत नाहीत, म्हणून उद्गारचिन्ह दिसले नाही यात समाधान मानू नये. मासा आणि झाड ही गटारीची खूण आहे. संभाजीनगरचे सांडपाणी खाम नदीतून गोदावरीकडे जाते आणि शहर पिण्याचे पाणी जायकवाडीतून आणते, हे ध्यानात ठेवले की ते चित्र परके वाटत नाही.

लेबल जे सांगत नाही

लेबल प्रयोगशाळेत ठरते आणि माल आपल्या शेडमध्ये असतो. ज्या द्रवाची वाफ २३ ते ६० अंशांदरम्यान पेटण्याजोगी होते, त्याला ‘डेंजर’ नव्हे तर ‘वॉर्निंग’ हा खालचा शब्द मिळतो. थंड देशातल्या गोदामासाठी ही विभागणी योग्यच आहे. टर्पेंटाइनचा हा बिंदू साधारण ३५ अंशांच्या आसपास असतो, आणि मे महिन्यात परभणी-नांदेडकडे सावलीतला पाराच चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली तर विचारायलाच नको. म्हणजे लेबलवर ‘वॉर्निंग’ असलेला डबा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी ‘डेंजर’सारखा वागतो. लेबल खोटे नसते. त्यातला मोसम आपण भरायचा असतो.

लेबल एका डब्याचे असते, दोन डब्यांच्या भेटीचे नसते. जस्ताच्या प्लेटिंगसाठी काही ठिकाणी सोडियम सायनाइड वापरतात आणि त्याच शेडमध्ये गंज काढायला हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. या दोहोंचे पाणी एका नालीत मिळाले की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि मग कोणाला काही सुचण्याआधी सर्व संपते. घरातही हाच खेळ लहान प्रमाणात चालतो: संडास अधिक स्वच्छ व्हावा म्हणून ॲसिडवर ब्लीचिंग पावडर टाकली जाते आणि क्लोरीन सुटतो. दोन्ही डब्यांवरची चित्रे अलग अलग वाचली तर यातले काहीच कळत नाही. ते कळते सुरक्षा माहितीपत्रकाच्या दहाव्या विभागात.

हे माहितीपत्रक, ज्याला कारखान्यात ‘एसडीएस’ किंवा जुन्या सवयीने ‘एमएसडीएस’ म्हणतात, सोळा विभागांचे असते. सगळे पाठ करण्याची जरुरी नाही. दुसऱ्या विभागात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, सातव्यात साठवण, आठव्यात कोणता मास्क व कोणते हातमोजे, आणि दहाव्यात कोणाशी जमत नाही, एवढे पाच जरी माहीत असले तरी वेळेला पान सापडते. दुसऱ्या विभागात ‘कॅटेगरी १’, ‘कॅटेगरी २’ असे आकडे असतात. तिथे १ हा सर्वांत वाईट. काही कंपन्यांच्या टाक्यांवर मात्र निळा, लाल, पिवळा, पांढरा असा चार रंगांचा अमेरिकी चौकोन रंगवलेला असतो, त्यात ० ते ४ आकडे असतात आणि तिथे ४ हा सर्वांत वाईट. शिवाय त्या चौकोनातला निळा म्हणजे आरोग्याचा धोका. आपल्या त्रिकोणातल्या निळ्याशी त्याचे काही नाते नाही. रस्त्यावरच्या टँकरची तऱ्हा आणखी वेगळी: धुळे-सोलापूर महामार्गावर मागच्या बाजूला चार आकडी क्रमांक लिहिलेला टँकर दिसतो, तो क्रमांक मालाचा असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १००५ म्हणजे अमोनिया, १८३० म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. टँकर उलटलेला पाहून फोन करताना आधी हा क्रमांक सांगावा, तोही वाऱ्याच्या दिशेचा विचार करून, लांबूनच वाचून. सांडलेला माल भरायला डबे घेऊन जवळ जाणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नसते, म्हणून हे लिहावे लागते.

अपघातानंतरची वाक्ये

लेबलवर ‘पी’ने सुरू होणारीही वाक्ये असतात. त्यांत ३००च्या घरातली वाक्ये प्रसंग घडल्यानंतर काय करायचे ते सांगतात, आणि ती आपल्या घरगुती उपायांशी काही ठिकाणी थेट भांडतात. पी ३३१ म्हणते: उलटी करवू नये. खेड्यात कोणी औषध प्यायले की मिठाचे पाणी पाजून उलटी काढायची, हा पिढ्यांचा रिवाज आहे. कॉस्टिक किंवा ॲसिडच्या बाबतीत तसे केले तर अन्ननलिका जाताना एकदा आणि येताना दुसऱ्यांदा भाजते, आणि थिनर-रॉकेलच्या बाबतीत वर आलेला द्रव फुप्फुसात शिरतो. अशा वेळी फक्त चूळ भरू द्यायची आणि डब्यासकट, निदान लेबलच्या फोटोसकट, दवाखाना गाठायचा.

डोळ्यात गेल्यावर पाण्याने काळजीपूर्वक, कित्येक मिनिटे धूत राहा, असे वाक्य असते. कित्येक मिनिटे म्हणजे दोन ओंजळी मारून रुमालाने पुसणे नव्हे. पंधरा मिनिटे घड्याळ लावून वाहते पाणी, पापण्या बोटांनी उघड्या धरून. ॲसिडवर सोडा आणि कॉस्टिकवर लिंबू असले हिशेब डोळ्यावर किंवा कातडीवर करू नयेत, हळद-टूथपेस्टही नको. इथे मराठवाड्याची एक अडचण कबूल केली पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत जिथे प्यायचे पाणी टँकरने येते, तिथे डोळे धुण्याच्या नळाची टाकी सर्वांत आधी कोरडी पडते, कारण त्या पाण्याची रोज गरज लागत नाही. ती टाकी भरलेली आहे का, हे पाहणे पाळी सुरू होताना यंत्राचे तेल पाहण्याइतकेच नेमाचे असले पाहिजे.

विचारण्याचा हक्क

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांवर एक स्वतंत्र प्रकरण घातले गेले. कामगारांना धोक्यांची आणि त्यांवरच्या उपायांची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले, आणि माहिती मागण्याचा हक्क कलम १११-अ ने कामगाराला दिला. १९८९ च्या धोकादायक रसायनांच्या नियमांतील १७व्या नियमाने प्रत्येक डब्यावर आतल्या पदार्थाची ओळख, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि त्या पदार्थाची भौतिक, रासायनिक व विषारीपणाविषयीची माहिती असलीच पाहिजे असे ठरवले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही माहिती उघड करण्याच्या या तरतुदी पुढे चालू ठेवल्या आहेत. महाराष्ट्रात याची अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. एवढे असूनही फवारणीच्या बाटलीसोबत मराठीतले माहितीपत्रक मिळते आणि कारखान्यातल्या ड्रमवर मराठीचा शब्दही सापडत नाही, ही मला न उलगडलेली गोष्ट आहे. कंत्राटी कामगाराने ‘याचे एसडीएस कुठे आहे, आणि ते मला मराठीत कोण सांगेल’ असे सुपरवायझरला विचारणे हा उद्धटपणा नाही.

लेबल जिथे गळून पडते

मी पाहिलेल्या अपघातांत लेबल चुकीचे वाचल्याचे फार थोडे होते. वाचायला लेबलच नव्हते, असे पुष्कळ. एका लहानशा शेडमध्ये सुटे भाग धुण्यासाठी कॉस्टिकचे पाणी करून ते शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत भरले होते आणि ती बाटली यंत्राच्या कडेला ठेवली होती. कॉस्टिकच्या पाण्याला रंग नाही, वास नाही. कामावर येऊन चारच दिवस झालेल्या एका पोराने जेवणाच्या सुटीत ती तोंडाला लावली. पहिलाच घोट त्याने थुंकून टाकला म्हणून ओठ आणि जिभेवर निभावले. स्टोअरमध्ये, त्या यंत्रापासून वीस-पंचवीस पावलांवर, कॉस्टिकची मूळ गोणी होती आणि तिच्यावर सर्व चित्रे, सर्व वाक्ये ठळक छापलेली होती.

माल मोठ्या डब्यातून लहान डब्यात गेला की लेबलही सोबत गेले पाहिजे. त्यासाठी छापखाना लागत नाही: चिकटपट्टीवर जाड मार्करने पदार्थाचे नाव, तीव्रता, भरल्याची तारीख, मूळ लेबलवरची चित्रे हाताने काढलेली, आणि एक ओळ मराठीत, ‘पिऊ नका, कातडी जाळते’. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तर चिकटपट्टी लावूनही भरू नये, कारण तहानलेला माणूस बाटली वाचत नाही, तो तिचा आकार ओळखतो.

आणि रिकामा ड्रम. थिनरचा ड्रम रिकामा झाला की त्यात द्रव संपतो, वाफ उरते, आणि भरलेल्या ड्रमपेक्षा ती अधिक सहज पेटते. म्हणूनच असा ड्रम गॅस कटरने कापायला घेतला की स्फोट होतो. प्लास्टिकच्या निळ्या दोनशे लिटरी ड्रमांचा प्रवास मात्र भंगारवाल्याकडून बाजाराकडे होतो. मराठवाड्यात पाणी आठ-आठ दिवसांनी येते, टँकरची वाट पाहावी लागते, आणि अंगणात एखादा निळा ड्रम नसलेले घर शोधावे लागेल. विकण्याआधी ड्रमवरचे लेबल घासून काढतात, कारण त्याशिवाय गिऱ्हाईक घेत नाही. आत पूर्वी ग्लिसरीन होते, आंब्याचा गर होता की कीटकनाशकाचा कच्चा माल, हे मग कोणालाच सांगता येत नाही. अंगावर ठसा उमटवलेली १एच१ किंवा १एच२ सारखी अक्षरे राहतात, पण ती ड्रमच्या बनावटीची आहेत, आतल्या मालाची नव्हेत. घासण्याने प्लास्टिकच्या आत मुरलेले निघत नाही. असा ड्रम घ्यायचाच असेल तर ज्याच्यावरचे लेबल अजून शाबूत आहे आणि त्यावर खाद्यपदार्थाचे नाव आहे, तोच मागावा. लेबल काढलेला ड्रम चार पैशांनी स्वस्त असला तरी त्यात पाणी भरू नये. गेल्या उन्हाळ्यात एका ओसरीवर अशाच ड्रमच्या तळाशी नखाएवढा कागद चिकटून राहिलेला पाहिला. त्यावर लाल किनारीचा एक कोपरा होता, आतले चित्र गेले होते, आणि ड्रम काठोकाठ भरलेला होता.